‘निर्जन’ जमिनीवरची माणसे : अमेरिकी फ्रंटिअरचा इतिहास कसा शोधला जातो?

१/
१९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्पर या प्रकाशनसंस्थेने आपल्या एका लोकप्रिय बालकादंबरीच्या नव्या आवृत्तीत एक शब्द बदलला. कादंबरी होती ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ आणि लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर. १९३५च्या मूळ आवृत्तीत पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशाविषयी असे म्हटले होते की तिथे ‘माणसे’ नव्हती. होते ते केवळ ‘इंडियन’, म्हणजे अमेरिकेचे मूलनिवासी. १९५२ मध्ये एका वाचकाने या वाक्याला आक्षेप घेतला. लेखिकेने चूक मान्य केली आणि ‘माणसे’च्या जागी ‘वसाहतकार’ हा शब्द आला.

२/
सतरा-अठरा वर्षे हे वाक्य लाखो मुलांनी, पालकांनी आणि शिक्षकांनी वाचले होते. प्रकाशनसंस्थेतही ते कुणाला खटकले नव्हते. त्यामुळे प्रश्न एका लेखिकेपुरता उरत नाही. ज्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहत होती, तो प्रदेश ‘रिकामा’ कसा ठरला? आणि आज इतिहाससंशोधक त्याच काळातील कागदपत्रांतून खरी वस्ती कशी शोधून काढतात? हा थ्रेड त्याविषयी आहे.

३/
आधी संज्ञा स्पष्ट करू. अमेरिकी इतिहासात ‘फ्रंटिअर’ म्हणजे दोन राष्ट्रांमधली सीमारेषा नव्हे. युरोपीय वंशाच्या लोकांची वस्ती पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेली, त्या वस्तीची सर्वांत पुढची कड म्हणजे फ्रंटिअर. या कडेवर सर्वप्रथम घर बांधणारे, नांगर धरणारे ते ‘पायोनिअर’. त्यांच्या हालअपेष्टांच्या कथा अमेरिकेने अभिमानाने जपल्या. त्यांतले हाल बहुतांशी खरे आहेत. ते हाल कोणाच्या भूमीवर सोसले गेले, हे मात्र त्या कथा क्वचितच सांगतात.

४/
इंगल्स कुटुंब हे यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण त्यांच्याविषयी तीन प्रकारची साधने उपलब्ध आहेत: लेखिकेच्या कादंबऱ्या, तिचे अप्रकाशित राहिलेले आत्मकथन आणि सरकारी दप्तर. ही तिन्ही शेजारी ठेवली की संशोधनाची पद्धत आपोआप उलगडत जाते.

५/
पहिली पायरी : कालनिर्णय. लॉराचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७चा. कुटुंब कॅन्ससमध्ये राहिले ते १८६९ ते १८७१ या काळात, म्हणजे ती दोन ते चार वर्षांची असताना. कादंबरीतील लॉरा मात्र चांगली जाणत्या वयाची आहे. म्हणजेच पुस्तकातील बरेचसे प्रसंग तिच्या स्वतःच्या आठवणी असणे शक्य नाही. ते घरात वारंवार सांगितल्या गेलेल्या गोष्टींतून आले, आणि लिहिले गेले साठाहून अधिक वर्षांनी.

६/
दुसरी पायरी : स्थळनिश्चिती. कादंबरीत घर इंडिपेन्डन्स या गावापासून चाळीस मैलांवर आहे. पण इंडिपेन्डन्सपासून कॅन्ससची दक्षिण सीमा वीस मैलांच्याही आत आहे. नैऋत्येला चाळीस मैल गेल्यास माणूस आजच्या ओक्लाहोमात पोहोचतो. खरे ठिकाण सापडले ते १८७०च्या जनगणनेमुळे: कॅन्सस राज्य, मॉन्टगोमेरी परगणा, रटलँड टाउनशिप. गावापासून अंतर सुमारे तेरा मैल.

७/
कादंबरीत धाकटी कॅरी तान्ही असून विस्कॉन्सिनहून निघालेल्या छकड्यातून प्रवास करते. प्रत्यक्षात तिचा जन्म ३ ऑगस्ट १८७० रोजी कॅन्ससमध्येच झाला. ही तफावत क्षुल्लक वाटेल. परंतु संशोधकासाठी ती महत्त्वाची खूण आहे, कारण तिच्यामुळे कथेची रचना कुठे झाली आणि आठवण कुठे संपली, हे समजते. कादंबरीला ‘खोटे’ ठरवणे हा या पडताळणीचा हेतू नसतो. कोणत्या विधानाला किती वजन द्यायचे, हे तिच्यामुळे ठरवता येते.

८/
आता १८७०च्या जनगणनेचे ते पान. शेजारच्या नोंदींमध्ये जॉर्ज टॅन हे नाव आढळते. कादंबरीत सर्व कुटुंब हिवतापाने आडवे पडलेले असताना धावून येणारा कृष्णवर्णीय डॉक्टर तो हाच. कादंबरीतील शेजारीण त्या तापाचा दोष कलिंगडाला देते. हिवताप डासांमुळे पसरतो हे सिद्ध होण्यास अजून पाव शतक अवकाश होता. त्याचा निर्णायक पुरावा रोनाल्ड रॉसला १८९७ मध्ये सिकंदराबादेत मिळाला. अशा प्रसंगी कादंबरी आणि दप्तर एकमेकांना दुजोरा देतात.

९/
त्याच पानावर एक रकाना आहे: स्थावर मालमत्तेचे मूल्य. इंगल्स कुटुंबापुढे तो रिकामा आहे. शेजाऱ्यांपुढेही रिकामा. जनगणना करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याचे कारणही नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा, की ही जमीन ओसेज लोकांची असून वसाहतकारांना तिच्यावर कोणताही हक्क नाही.

१०/
म्हणजे ‘निर्जन’ जमिनीला मालक होता आणि हे तेव्हाच्या सरकारी कर्मचाऱ्याला पुरते ठाऊक होते. १८६५च्या करारानुसार ओसेज राष्ट्राने आपल्या भूमीचा मोठा भाग सोडला होता आणि दक्षिण कॅन्ससमधील लांबट पट्टा स्वतःकडे राखला होता. त्याला ‘ओसेज डिमिनिश्ड रिझर्व्ह’, म्हणजे उरलेले राखीव क्षेत्र, म्हणत. इंगल्स यांची झोपडी या क्षेत्राच्या आत होती. फेडरल कायद्यानुसार तिथे बाहेरच्यांनी वस्ती करणे बेकायदा होते.

११/
मग लोक का आले? निव्वळ अज्ञानाने नव्हे. १८४१च्या प्रीएम्प्शन कायद्यात अशी तरतूद होती की सरकारी जमिनीवर आधीच राहत असलेल्या माणसाला १६० एकरांपर्यंत जमीन, लिलावाशिवाय, एकरी सव्वा डॉलर या किमान दराने विकत घेण्याचा पहिला हक्क मिळावा. ओसेज भूमी आज ना उद्या सरकारी होणार, तेव्हा आधी जाऊन बसणारा फायद्यात राहील, असा हा हिशेब होता. १८६० मध्ये जिथे वसाहतकारांची वस्ती जवळजवळ नव्हती, त्या मॉन्टगोमेरी परगण्याची लोकसंख्या १८७० मध्ये साडेसात हजारांच्या आसपास पोहोचली.

१२/
या हिशेबात वरच्या पातळीवरचे खेळाडूही होते. १८६८ मध्ये ओसेज प्रतिनिधींकडून एक करार करवून घेण्यात आला. त्यानुसार सुमारे ८० लाख एकर जमीन एका रेल्वे कंपनीला एकरी सुमारे २० सेंट या भावाने जाणार होती. या सौद्यावर एवढी टीका झाली की सिनेटने तो संमत केला नाही आणि १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी तो मागे घेतला. रेल्वे कंपनीच्या विरोधात छोटे वसाहतकार उभे राहिले, हे खरे. मात्र दोन्ही पक्षांचे भांडण ओसेजांच्या जमिनीवरून होते.

१३/
ही जमीन नव्या माणसाला रिकामी का दिसत असे, याचे एक उत्तर ओसेजांच्या वर्षक्रमात आहे. त्यांची गावे नद्यांच्या काठी असत. वसंतात मका, भोपळा, घेवडा पेरला जाई. मग गावातील बहुतेक लोक पश्चिमेच्या मैदानात बायसनच्या शिकारीला जात आणि पीक तयार होण्याच्या सुमारास परतत. शरद ऋतूत पुन्हा शिकारीची मोहीम निघे. उन्हाळ्यात आलेल्या वसाहतकाराला दिसे ते ओस गाव आणि राखणदार नसलेले शेत.

१४/
शिकारीहून परतणाऱ्या ओसेजांना काय दिसे, हे सरकारी दप्तरातच नोंदलेले आहे. आयझॅक गिब्सन हा क्वेकर पंथीय अधिकारी तेव्हा ओसेज एजंट होता. त्याच्या अहवालांत घोडे चोरीला गेल्याच्या, शेते बळकावल्याच्या आणि दफनभूमी उकरल्याच्या तक्रारी आहेत. या दोन समाजांपैकी रानटी नेमके कोणाला म्हणावे, असा प्रश्न त्याने आपल्या वरिष्ठांपुढे उपस्थित केला होता. हे अहवाल छापील स्वरूपात वॉशिंग्टनला पोहोचत होते.

१५/
१५ जुलै १८७०च्या कायद्याने शेवट ठरवला. राखीव क्षेत्र वसाहतकारांना एकरी सव्वा डॉलरने विकायचे, ती रक्कम ओसेजांच्या नावे ठेवायची आणि ओसेजांनी दक्षिणेला इंडियन टेरिटरीत, आजच्या ओक्लाहोमात, स्थलांतर करायचे. आपल्याच पैशांतून त्यांनी तिथे चेरोकी राष्ट्राकडून जमीन विकत घेतली. १८७१-७२ पर्यंत बहुतेक ओसेज कॅन्सस सोडून गेले.

१६/
इंगल्स कुटुंब १८७१ मध्ये कॅन्ससमधून परत फिरले. कादंबरीत कारण असे येते की वसाहतकारांना हटवण्यासाठी सैनिक येणार आहेत. वस्तुतः त्या सुमारास कायदा वसाहतकारांच्या बाजूने वळला होता. विस्कॉन्सिनचे त्यांचे घर ज्याने विकत घेतले होते, त्याला पैसे फेडता येईनात आणि ते घर पुन्हा त्यांच्याकडे आले, हे एक ठोस कारण कौटुंबिक कागदांतून आणि आत्मकथनातून समजते. कथेत मात्र कष्टाळू बाप आणि नादान सरकार असा संघर्ष अधिक शोभून दिसतो.

१७/
आता पुन्हा जनगणनेच्या त्या पानाकडे. जमीन ओसेजांची आहे, असे अधिकारी लिहितो. परंतु गावात राहणारे ओसेज त्या यादीत नाहीत. अमेरिकी राज्यघटनेत ‘कर न भरणारे इंडियन’ प्रतिनिधित्वाच्या गणनेतून वगळलेले होते. त्यामुळे आपापल्या राष्ट्रांत राहणाऱ्या मूलनिवासींची नावे १८७०च्या सर्वसाधारण यादीत घेतली गेली नाहीत. वसाहतकाराचे सहा दिवसांचे बाळही या यादीत येऊ शकत होते. ज्या समाजाच्या जमिनीवर ते जन्मले, त्याचा एकही वृद्ध येऊ शकत नव्हता. ‘तिथे माणसे नव्हती’ हे वाक्य कादंबरीत येण्याच्या ६५ वर्षे आधी शासकीय गणितात शिरले होते.

१८/
इथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. पायोनिअर म्हटले की ‘होमस्टेड कायदा’ आठवतो. इंगल्स यांच्या कॅन्ससच्या झोपडीशी त्या कायद्याचा संबंध नव्हता. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी त्यावर स्वाक्षरी केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला. एकवीस वर्षे पूर्ण झालेला किंवा कुटुंबप्रमुख असलेला नागरिक, अथवा नागरिकत्वाचा इरादा जाहीर केलेला स्थलांतरित, १६० एकर सरकारी जमिनीसाठी अर्ज करू शकत असे. पाच वर्षे राहायचे, घर बांधायचे, जमीन कसायची आणि एकूण १८ डॉलर शुल्क भरायचे. जमिनीची किंमत शून्य.

१९/
नेब्रास्कातील बिॲट्रिस गावाजवळ डॅनियल फ्रीमन याने कायदा लागू झाल्याच्या पहिल्याच दिवशी अर्ज केला. त्या जागी आज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. पुढे शतकभरात सुमारे १६ लाख लोकांना या कायद्याखाली मालकीपट्टे मिळाले. एकूण क्षेत्र सुमारे २७ कोटी एकर, म्हणजे देशाच्या भूमीचा जवळपास दहावा हिस्सा. १९७६ मध्ये हा कायदा अलास्का वगळता सर्वत्र रद्द झाला. अलास्कात तो आणखी दहा वर्षे चालू राहिला.

२०/
संशोधकासाठी या कायद्याची खरी देणगी म्हणजे त्याच्या फायली. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर अर्जदाराला शपथेवर ‘अंतिम सिद्धता’ द्यावी लागे आणि दोन शेजाऱ्यांची साक्ष जोडावी लागे. त्यातले प्रश्न अगदी बारीक असत. घर कधी बांधले? कशाचे? दारे-खिडक्या किती? कुटुंबात कोण कोण? किती एकर नांगरली, कोणते पीक घेतले? घर सोडून किती दिवस बाहेर होता आणि का? ज्या माणसाने आयुष्यात कधी रोजनिशी लिहिली नाही, त्याची पाच वर्षे या उत्तरांत सापडतात.

२१/
या फायलींतून आणि पत्रांतून दिसणारे जीवन खडतर आहे. नेब्रास्का, डाकोटाच्या मैदानात लाकूड दुर्मीळ. म्हणून गवताच्या मुळांनी घट्ट विणलेला मातीचा थर विशेष नांगराने पट्ट्यांत कापत, त्याच्या विटा करत आणि गवताची बाजू खाली ठेवून भिंती रचत. एका लहान घरासाठी अर्धा-एक एकरावरचा थर लागे. हे घर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार असे. पाऊस पडला की मात्र छतातून चिखल गळे, साप-उंदीर भिंतींतून डोकावत. सरपण म्हणून बायसनचे आणि गुरांचे वाळलेले शेण, मक्याची बुरकुंडे, पीळ घातलेले गवत जाळत.

२२/
फायलींनी एक रूढ चित्रही मोडले. हा कायदा ‘पुरुष’ असे म्हणत नव्हता. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री स्वतःच्या नावावर जमीन मागू शकत होती आणि अशा हजारो स्त्रियांनी ती मिळवली. चौदाव्या घटनादुरुस्तीने (१८६८) नागरिकत्व निश्चित झाल्यावर गुलामगिरीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीयही पात्र ठरले. १८७७ मध्ये वसलेले कॅन्ससमधील निकोडीमस हे गाव त्याची साक्ष देते. पण नागरिकत्वाच्या अटीमुळेच दारे बंदही झाली. १८८२च्या कायद्याने चिनी स्थलांतरितांना नागरिकत्व नाकारले, तेव्हा होमस्टेडही त्यांच्या आवाक्याबाहेर गेले.

२३/
संकटांची नोंदही सरकारी कागदांतच सापडते. १८७४ पासून रॉकी माउंटन टोळांच्या झुंडींनी मैदानातली पिके फस्त केली. शेतकरी जमीन सोडून मजुरीला गेले तर त्यांचा हक्क बुडू नये, म्हणून काँग्रेसला अनुपस्थितीची सवलत देणारे कायदे करावे लागले. हा टोळ पुढे नामशेष झाला. त्याचे शेवटचे जिवंत नमुने १९०२ मध्ये मिळाले. इंगल्स कुटुंब तेव्हा मिनेसोटात होते. कादंबरीत वडील कोणापुढे हात न पसरता शेकडो मैल चालत कामाला जातात. दप्तर सांगते की १८७५च्या अखेरीस चार्ल्स इंगल्स यांनी आपण पूर्णतः निर्धन असल्याचे शपथेवर लिहून दिले आणि सरकारी मदतीचे पीठ घेतले.

२४/
या प्रतिज्ञापत्राने चार्ल्स इंगल्स लहान होत नाहीत. उलट पायोनिअर कोणाच्याही मदतीवाचून स्वबळावर जगला, ही कल्पना त्यामुळे तपासता येते. जमीन सरकारने मोकळी करवून दिली, मोजणी सरकारने केली, रेल्वेला जमिनी सरकारने दिल्या आणि दुष्काळात पीठही सरकारने दिले. १९३०च्या महामंदीच्या काळात, शासकीय मदतीवर देशभर कडाक्याचे वाद चालू असताना, लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्यांतून नेमका हाच भाग गळला आहे.

२५/
लॉरा यांचे ‘पायोनिअर गर्ल’ हे आत्मकथन १९३०च्या सुमारास लिहून झाले होते, पण प्रकाशकांनी ते नाकारले. सटीप आवृत्ती निघाली ती थेट २०१४ मध्ये. कादंबऱ्यांत न आलेल्या गोष्टी त्यात आहेत: नऊ महिन्यांचा होऊन दगावलेला धाकटा भाऊ, आयोवातील बर ओक गावचे दिवस, देणे थकल्यामुळे रात्रीतून सोडलेले गाव. एकाच व्यक्तीचे दोन मजकूर असतील तर दोन्हींतला फरक हाच सर्वांत बोलका पुरावा ठरतो.

२६/
छायाचित्रेही अशीच तपासावी लागतात. सॉलोमन बुचर याने १८८६ पासून नेब्रास्काच्या कस्टर परगण्यात फिरून मातीच्या घरांपुढे उभ्या कुटुंबांची छायाचित्रे घेतली. १८९९ मध्ये त्याचे घर जळाले, हस्तलिखिते गेली, पण काचेच्या निगेटिव्ह वेगळ्या जागी असल्याने वाचल्या. आज हा तीन हजारांहून अधिक छायाचित्रांचा संग्रह मैदानी जीवनाचे प्रमुख दृश्यसाधन मानला जातो.

२७/
या संग्रहातील एका चित्रात एक कुटुंब उघड्या माळावर, पायपेटीच्या मोठ्या ऑर्गनभोवती उभे आहे. पूर्वेकडच्या नातलगांना मातीचे घर दिसू नये म्हणून घरच्या बाईंच्या आग्रहावरून ऑर्गन बाहेर ओढून आणला गेला होता. दुसऱ्या एका प्रसिद्ध चित्रात १८८५ मध्ये तोंड झाकलेले वसाहतकार बड्या पशुपालकाचे तारेचे कुंपण तोडताना दिसतात. ते चित्र अनेक वर्षांनी, पुन्हा अभिनय करवून घेतलेले आहे. छायाचित्र ‘काय होते’ याच्याइतकेच ‘काय दिसावे अशी इच्छा होती’ हेही सांगते.

२८/
योगायोगाने याच कस्टर परगण्याच्या फायलींनी अलीकडे एक जुना समज बदलला. होमस्टेडमध्ये प्रचंड लबाडी झाली, असे इतिहासकार दीर्घकाळ सांगत आले होते. नेब्रास्काच्या फायलींचे डिजिटायझेशन झाल्यावर रिचर्ड एडवर्ड्‌स, जेकब फ्रीफेल्ड आणि रिबेका विंगो यांनी कस्टर आणि डॉव्ज या परगण्यांतील नोंदी तपासल्या. ‘होमस्टेडिंग द प्लेन्स’ (२०१७) या ग्रंथातील त्यांच्या निष्कर्षानुसार तिथे लबाडीचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होते. मूलनिवासींच्या विस्थापनाशी या कायद्याचे नातेही सर्वत्र सारखे नव्हते. नेब्रास्कात विस्थापन बरेचसे आधी घडले, तर डाकोटा व ओक्लाहोमात दोन्ही प्रक्रिया एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

२९/
आता वळू फ्रंटिअरच्या सर्वांत प्रसिद्ध सिद्धान्ताकडे. १८९०च्या जनगणनेनंतर अधीक्षकांनी जाहीर केले की वसाहतीची सलग अशी सीमारेषा आता दाखवता येत नाही. चौरस मैलामागे दोनपेक्षा कमी माणसे तो ‘न वसलेला’ प्रदेश, असा निकष होता. १२ जुलै १८९३ रोजी शिकागोत फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या तरुण इतिहासकाराने याच विधानापासून आरंभ करून निबंध वाचला: मोकळ्या जमिनीनेच अमेरिकेची लोकशाही वृत्ती घडवली, आणि ते पर्व आता संपले.

३०/
टर्नरच्या ‘मोकळ्या जमिनी’चा आधार असलेल्या या मोजणीत राखीव क्षेत्रांतील मूलनिवासी सर्वसाधारण लोकसंख्येत धरलेले नव्हते, त्यांची गणना वेगळी ठेवली होती. म्हणजे आधी निकषाने माणसे वजा केली आणि मग उरलेल्या भूमीला ‘मोकळी’ म्हटले. पॅट्रिशिया नेल्सन लिमरिक यांनी ‘द लेगसी ऑफ कॉन्क्वेस्ट’ (१९८७) या ग्रंथात फ्रंटिअरऐवजी ‘जिंकणे’ हा शब्द मध्यभागी आणला, त्यामागे हीच जाणीव होती.

३१/
साधनांचे नशीबही इतिहास घडवते. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली आणि १८९०च्या जनगणनेची बहुतेक मूळ पाने आगीने व पाण्याने निकामी झाली. त्यामुळे १८८० ते १९०० दरम्यान मैदानात आलेल्या कुटुंबांचा माग काढताना होमस्टेड फायलींना पर्याय उरत नाही. याचाच अर्थ, ज्यांना जमीन मिळाली त्यांचा इतिहास सहज लिहिता येतो. ज्यांची गेली, त्यांच्यासाठी अन्य साधने शोधावी लागतात.

३२/
अशी साधने आहेत: करारांच्या वाटाघाटींचे वृत्तान्त, एजंटांची पत्रे आणि मौखिक परंपरा. ओसेज लेखक जॉन जोसेफ मॅथ्यूज यांनी वृद्धांकडून ऐकलेल्या परंपरांच्या आधारे ‘दि ओसेजेस’ (१९६१) हा बृहद्‌ग्रंथ सिद्ध केला. ओजिब्वे वंशाच्या लुईस अर्ड्रिक यांनी ‘द बर्चबार्क हाउस’ (१९९९) या बालकादंबरीत त्याच शतकातील एका मूलनिवासी मुलीचे घर उभे केले. ‘लिटल हाउस’ वाचलेल्याने हे पुस्तकही अवश्य वाचावे.

३३/
२०१८ मध्ये अमेरिकेतील बालग्रंथपालांच्या संघटनेने वाइल्डर यांच्या नावाच्या पुरस्काराचे नाव बदलले. त्यावर दोन्ही बाजूंनी वाद झाला. संशोधकाचे काम पुरस्कारापाशी थांबत नाही. कादंबरी वाचनातून काढून टाकली तर हिवतापातली ती झोपडी आणि डॉक्टर टॅन दोन्ही हरवतील. केवळ कादंबरी ठेवली तर ओसेज हरवतील.

३४/
म्हणून फ्रंटिअरचा कोणताही कागद हाती आला की चार प्रश्न विचारावेत. तो कधी आणि कोणत्या वयातील आठवणीवरून लिहिला? तो लिहून कोणाला काय मिळवायचे होते? त्यातल्या रकान्यांत कोणाला जागाच नव्हती? आणि त्याच दिवशीचा, त्याच जागेचा दुसरा कागद काय म्हणतो? रटलँड टाउनशिपच्या एका पानावर या चारही प्रश्नांची उत्तरे मिळतात. १९५३ मध्ये सुधारलेली चूक १८७०च्या त्या पानावर, मालमत्तेच्या रिकाम्या रकान्याच्या कारणासह, आधीच नोंदलेली होती. ते पान काढून वाचण्याचीच तेवढी गरज होती.